निकोला टेस्ला : दूरनियंत्रणाचा पहिला कारागीर

निकोला टेस्ला हे नाव घेतले की आज पुष्कळांच्या डोळ्यांपुढे विजेवर चालणारी एक मोटारगाडी उभी राहते. विज्ञान शाखेच्या मित्रमैत्रिणींना फार तर चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक आठवते. परंतु ज्या माणसाचे नाव त्या गाडीला आणि त्या एककाला दिले गेले, तो खेड्यातल्या एका धर्मोपदेशकाचा मुलगा होता. पदवी न घेताच त्याने शिक्षण सोडले. एके काळी पोटासाठी त्याने न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर चर खोदले. आणि तारेचा धागाही न जोडता, दुरून हुकूम देऊन पाण्यावरची होडी हवी तशी वळवता येते, हे जगाला पहिल्यांदा त्यानेच करून दाखवले. ही शेवटची गोष्ट त्याच्या चरित्रात दोन-चार ओळींत उरकली जाते. मला मात्र तीच सर्वांत मोलाची वाटते. कला शाखेच्या विद्यार्थिनीने शास्त्रज्ञावर का लिहावे, असे काही जण म्हणतील. पण माणसाचे चरित्र हा तर आपल्याच शाखेचा विषय आहे.

१० जुलै १८५६ रोजी स्मिल्यान नावाच्या लहानशा गावी टेस्लाचा जन्म झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते, आज ते क्रोएशियात आहे. घराणे सर्बियन. वडील मिलुतिन हे ऑर्थोडॉक्स पंथाचे धर्मोपदेशक होते, आणि मुलानेही तोच झगा अंगावर घालावा अशी त्यांची इच्छा होती. आई ड्युका हिला शाळा ठाऊक नव्हती. पण सर्बियन लोककाव्ये तिला मुखोद्गत होती, आणि घरकामाला लागणारी लहानसहान अवजारे ती स्वतः बनवीत असे. आपल्याला जी काही कल्पकता लाभली ती आईकडून, असे टेस्ला जन्मभर सांगत राहिला. आपल्यापैकी ज्यांच्या घरी कॉलेजचे तोंड पाहिलेले पहिले माणूस आपणच आहोत, त्यांना ह्या बाईची ओळख वेगळी करून द्यायला नको. अंगठा उठवणाऱ्या, पण शंभर ओव्या तोंडपाठ असलेल्या आणि तिफणीच्या दोरीची गाठ कशी बसवायची हे पुरुषांना दाखवणाऱ्या आज्या आपल्याकडे घरोघर होत्या.

थोरला भाऊ दाने घोड्याच्या अपघातात दगावला. टेस्ला तेव्हा अगदी लहान होता. ह्या घटनेची सावली त्या घरावर कायम राहिली. माध्यमिक शिक्षण संपवून तो घरी परतला तोच पटकीने त्याला गाठले आणि जवळजवळ नऊ महिने तो अंथरुणाला खिळला. मुलगा हातचा जातो की काय ह्या धास्तीने वडिलांनी शब्द दिला, की बरा झालास तर तुला धर्मशाळेत नव्हे, तंत्रशिक्षणाला पाठवीन. मुलगा बरा झाला आणि बापाने शब्द पाळला. १८७५ साली शिष्यवृत्तीवर तो ग्राझच्या तंत्रविद्यालयात दाखल झाला.

ग्राझमधला एक प्रसंग मी थोडा सविस्तर सांगते, कारण पुढच्या सगळ्या हकीकतीचे बीज त्यात आहे. वर्गात प्राध्यापक पोश्ल ग्राम नावाचे विद्युत्‌यंत्र चालवून दाखवत होते. त्या काळच्या विजेच्या मोटारीत फिरणाऱ्या भागाला वीज पोचवण्यासाठी तांब्याच्या पट्ट्यांचे एक कडे असे, त्याला कम्यूटेटर म्हणतात, आणि त्यावर ब्रश घासत राहत. ब्रश घासले की ठिणग्या उडत. ह्या ठिणग्या आणि हे घासणे टाळता येणार नाही काय, अशी शंका टेस्लाने काढली. प्राध्यापकांनी पुढचे सबंध व्याख्यान ती कल्पना अशक्य कशी आहे हे सिद्ध करण्यात खर्च केले. मुलगा हुशार आहे, पण हे त्याच्या हातून कधीच होणार नाही, असा त्यांनी निकाल दिला. विद्यार्थी गप्प बसला, पण प्रश्न त्याच्या डोक्यातून गेला नाही. पुढे अभ्यास विस्कटला, जुगाराचा नाद लागला, शिष्यवृत्ती गेली. पदवी न घेताच त्याने ग्राझ सोडले आणि १८७९ साली वडीलही वारले.

उत्तर सापडले ते १८८२ साली बुडापेस्टमध्ये. तिथल्या टेलिफोन कंपनीत तो नोकरीला होता. संध्याकाळी मित्राबरोबर बागेत फिरताना गटेचे काव्य म्हणता म्हणता त्याला एकाएकी सुचले, की फिरता भाग ब्रशांनी फिरवण्याऐवजी चुंबकीय क्षेत्रच फिरवले तर ते क्षेत्र त्या भागाला आपल्यामागे ओढत नेईल. काठीने त्याने तिथेच मातीत आकृती काढली. प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणारी, ब्रश नसलेली मोटार ती हीच. आपल्या शेतातल्या विहिरीवर तीन फेजचा जो पंप बसवलेला असतो, त्यातली मोटार ह्याच तत्त्वावर फिरते.

१८८४ साली तो न्यूयॉर्कला उतरला तेव्हा खिशात चार सेंट होते. एडिसनच्या कारखान्यात त्याने काही महिने काढले आणि पैशांवरून बिनसल्यावर तो बाहेर पडला. नंतरच्या भागीदारांनी त्याला त्याच्याच कंपनीतून दूर केले. १८८६-८७ चा हिवाळा त्याने रोजी दोन डॉलरवर चर खोदून काढला. पुढे दिवस पालटले. १८८८ मध्ये मोटारीची पेटंटे मिळाली, वेस्टिंगहाउसने ती घेतली, १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात त्याच्या पद्धतीच्या विजेचे दिवे झळकले, १८९६ साली नायगाराची वीज बफेलो शहराला पोचली. हा भाग सर्वत्र वाचायला मिळतो, म्हणून इथे तो एवढ्यावरच सोडते. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये स्वामी विवेकानंद आणि टेस्ला यांची भेट झाली होती, एवढे मात्र आवर्जून सांगावेसे वाटते.

टेस्लाचे मन आता तारांवरून उठले होते. वीज आणि संदेश हवेतून आणि जमिनीतून तारेवाचून पाठवता येतील, ह्या कल्पनेने त्याला झपाटले. १३ मार्च १८९५ च्या पहाटे त्याची प्रयोगशाळा जळाली. कागद, यंत्रे, नमुने, सारे गेले, आणि विमाही नव्हता. तो पुन्हा कामाला लागला. त्याच वर्षी आपल्या देशात, कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये, जगदीशचंद्र बसूंनी भिंतींच्या आडून अदृश्य लहरी पाठवून दूरची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली होती. म्हणजे दुरून एखादी क्रिया घडवून आणणे जमू लागले होते. चालते वाहन मात्र अजून कोणी ताब्यात आणले नव्हते.

१८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये विजेच्या यंत्रांचे प्रदर्शन भरले. तिथे एका हौदात टेस्लाने सुमारे चार फूट लांबीची लोखंडी होडी सोडली. तिच्यावर धातूची काठी उभी केलेली होती. पोटात बॅटऱ्या, पंखा फिरवणारी एक मोटार, सुकाणू वळवणारी दुसरी आणि काही दिवे होते. टेस्ला दूर उभा राहून एका पेटीवरचा दांडा फिरवी आणि होडी वळे, थांबे, दिवे उघडझाप करी. लोकांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. आत माकड शिकवून बसवले आहे असे कोणी म्हणाले, कोणी म्हणाले मनाच्या शक्तीचा खेळ आहे. टेस्लाही काही कमी नव्हता. होडीला प्रश्न विचारा, असे तो लोकांना सुचवी. चौसष्टाचे घनमूळ किती असे विचारल्यावर होडीचे दिवे चार वेळा लुकलुकले, असे सांगतात. मला वाटते इथे त्याने थोडे स्वतःचेच नुकसान करून घेतले. जादूगार समजल्या गेलेल्या माणसाकडे कारागीर म्हणून कोण पाहणार?

कारण त्या होडीच्या पोटातली कारागिरी खरोखर पाहण्यासारखी होती. बैलगाडी हाकताना कासरा ओढला की बैल वळतो. पण गाडी काही कासऱ्याने ओढली जात नाही, ती बैलच ओढतो. कासरा नुसता इशारा देतो. दूरनियंत्रणाचे मर्म हेच आहे. दुरून येणाऱ्या लहरीत मोटार फिरवण्याइतकी ताकद नसते आणि असायची गरजही नसते. ताकद होडीतल्या बॅटरीची, लहरीने फक्त कळ दाबायची. ती कळ म्हणजे धातूचा चुरा भरलेली एक नळी होती. एरवी चुऱ्यातून वीज जात नाही. लहर आली की त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि वाट मोकळी होते. पण एकदा चिकटलेले कण आपोआप सुटत नाहीत, मग पुढचा इशारा कळणार कसा? इतर प्रयोगकर्ते नळीला लहानशा हातोडीने टकटक करीत. टेस्लाने प्रत्येक इशाऱ्यानंतर नळीच उलटी होईल अशी घड्याळासारखी रचना केली. वाळूचे घड्याळ उलटावे तसा चुरा खाली पडे आणि नळी पुन्हा सज्ज होई. सुकाणूचे चाकही असेच टप्प्याटप्प्याने सरके. एका इशाऱ्याला डावीकडे, दुसऱ्याला स्थिर, तिसऱ्याला उजवीकडे, चौथ्याला पुन्हा स्थिर. म्हणजे चालवणाऱ्याला हिशेब ठेवूनच दांडा फिरवावा लागे.

८ नोव्हेंबर १८९८ रोजी ह्या रचनेला अमेरिकन पेटंट मिळाले. त्याचा क्रमांक ६१३८०९. शीर्षकात नौका आणि वाहने असे दोन्ही शब्द आहेत, म्हणजे आजची खेळण्यातली रिमोटची गाडी त्या पेटंटातच होती म्हणायला हरकत नाही. पेटंट कार्यालयातला वरिष्ठ परीक्षक स्वतः येऊन होडी चालताना पाहून गेला तेव्हा कुठे मंजुरी मिळाली, असे टेस्लाने पुढे लिहून ठेवले आहे. अमेरिका त्या वर्षी स्पेनशी लढत होती. ही युक्ती आरमाराच्या उपयोगाची आहे असे त्याने सुचवून पाहिले, तर सरकारी अधिकाऱ्याने ते हसण्यावारी नेले.

आता थोडे विषयांतर करते. माझ्या मामांचे पांढरकवड्याला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान आहे. नवरात्रात केळापूरच्या जगदंबेची यात्रा भरते, आणि यात्रा संपली की आठ दिवसांत पोरांच्या रिमोटच्या गाड्या दुकानात येऊ लागतात. तक्रार एकच. जवळून चालते, दहा पावलांवर गेली की ऐकत नाही. मामा आधी रिमोटचे सेल बदलून पाहतात, कारण सेल उतरले की लहरीचा जोर उतरतो, आणि अंतर दुप्पट झाले की मिळणारा जोर चौथाईवर येतो. मग एरियल पाहतात. जुन्या धर्तीच्या गाड्या २७ मेगाहर्ट्झवर चालतात. त्या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर. तिला शोभेल असे एरियल पावणेतीन मीटर तरी हवे, ते खेळण्यात मावणार कुठे? म्हणून जे काही हातभर एरियल दिलेले असते ते पुरते बाहेर काढणे भाग आहे. पोरे ते काढत नाहीत, किंवा गाडीतली तार तुटून नाहीतर गुंडाळली जाऊन आत पडलेली असते. नव्या गाड्या २.४ गिगाहर्ट्झच्या. त्यांची लहर साडेबारा सेंटिमीटरची, म्हणून तीन सेंटिमीटरच्या तारेवर भागते.

सेल आणि एरियल दोन्ही ठीक असूनही गाडी ऐकत नसेल तर मामांची एक परीक्षा आहे. गाडी उचलून हातात धरायची, मागची मोटार बंद ठेवायची, आणि दुसऱ्याने रिमोट घेऊन दूर जाऊन पुढची चाके नुसती वळवून पाहायची. मोटार बंद असताना चाके लांबूनही वळतात आणि मोटार सुरू केली की वळत नाहीत, असे झाले तर दोष रिमोटचा नाही, मोटारीचा आहे. त्या लहान मोटारीत ब्रश असतात, ब्रशांतून ठिणग्या उडतात, आणि ठिणगी म्हणजे स्वतःच एक लहरी सोडणारे यंत्र आहे. हर्ट्‌झने १८८० च्या दशकात पहिल्या लहरी ठिणगीतूनच तर निर्माण केल्या होत्या. दुरून आलेला बारीक आवाज जवळच्या गोंगाटात बुडावा तसे होते. मामा मोटारीच्या दोन टोकांना १०४ नंबरचा छोटा कपॅसिटर डाग देऊन जोडतात. ठिणगीची लहर त्यातून परस्पर जिरते आणि गाडी पुन्हा अंगणाच्या टोकापर्यंत ऐकू लागते.

हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ग्राझचा तो वर्ग आठवला. ज्या ठिणग्यांवरून प्राध्यापकांशी वाद झाला, त्याच ठिणग्या दीडशे वर्षे होत आली तरी खेळण्याच्या मोटारीत बसून दूरनियंत्रणाची वाट अडवतात. ग्राझमध्ये टेस्लाला त्या नको होत्या त्या मोटारीच्या झिजेपायी. तारेवाचूनच्या इशाऱ्याचा विचार तेव्हा त्याच्या मनात नव्हता.

दोन पोरांच्या गाड्या एकाच लहरीवर असल्या तर एकाने रिमोट दाबला की दुसऱ्याची गाडी पळते. ही अडचणही टेस्लाने ओळखली होती. आपली होडी शत्रूने किंवा भलत्याच कोणी आपल्या लहरीने भरकटवली तर? १९०३ साली मिळालेल्या पेटंटांत त्याने उपाय दिला. एकाच लहरीऐवजी वेगवेगळ्या दोन किंवा अधिक लहरी एकत्र पाठवायच्या, आणि त्या साऱ्या पोचल्या तरच यंत्राने हलायचे. पेटीला दोन कुलुपे असावीत आणि किल्ल्या दोघांजवळ असाव्यात तसे. आजच्या २.४ गिगाहर्ट्झच्या गाड्यांत रिमोट आणि गाडी एकमेकांशी आधी संकेताने बांधलेली असतात, त्यामागची गरज हीच.

टेस्ला ह्या वाटेने पुढे गेला असता तर? असा प्रश्न मला राहून राहून पडतो. पण त्याचे डोळे फार लांब लागले होते. १८९९ मध्ये तो कोलोरॅडो स्प्रिंग्जला गेला. तिथे त्याने कृत्रिम वीज कडाडून सोडली आणि गावच्या वीजघरातले जनित्र जाळून ठेवले. १९०१ पासून लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफ येथे १८७ फूट उंचीचा मनोरा उभा राहू लागला. धनको जे. पी. मॉर्गनने दीड लाख डॉलर दिले ते समुद्रापार संदेश पाठवण्यासाठी. टेस्लाच्या मनात मात्र जगभर तारेवाचून वीजच पाठवायची होती. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनीने कितीतरी कमी खर्चाच्या सामग्रीने अटलांटिकपार एक अक्षर पोचवले. मॉर्गनने हात आखडता घेतला आणि मनोरा अर्धवट राहिला. पैसा देणाऱ्याला एक सांगून मनात दुसरे ठेवणे हे टेस्लाचे वागणे मला पटत नाही. पण मॉर्गनला खरे सांगितले असते तर पहिला डॉलर तरी मिळाला असता का, हेही तितकेच खरे.

दूरनियंत्रणाचे काम इतरांनी उचलले. स्पेनमध्ये तोरेस केवेदो याने १९०६ साली बिल्बाओच्या बंदरात राजासमोर होडी दुरून चालवून दाखवली. टेस्लाच्या पेटंटाची मुदत १९१५ मध्ये संपली. त्यातून त्याला काही मिळाले नाही. अशी यंत्रे झाली की माणसे रणांगणावर मरणार नाहीत, यंत्रे यंत्रांशी लढतील आणि युद्धच निरर्थक होईल, अशी त्याची समजूत होती. आज दुरून चालवलेली विमाने कोणावर पडतात हे आपण रोज बातम्यांत पाहतो. त्याच्या त्या समजुतीला भाबडेपणा म्हणावे की काय, हे मी वाचकांवर सोपवते. खेळण्यातली रिमोटची मोटारगाडी बाजारात आली ती १९६६ साली इटलीत, तेव्हा टेस्लाला जाऊन तेवीस वर्षे झाली होती.

उतारवय हलाखीत गेले. हॉटेलचे बिल थकले म्हणून वॉर्डनक्लिफची मालमत्ता हॉटेलला लिहून द्यावी लागली आणि १९१७ मध्ये मनोरा पाडला गेला. त्याच वर्षी त्याला विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेचे पदक मिळाले. त्याचे नाव एडिसन पदक! लग्न त्याने केले नाही. बागेतल्या कबुतरांना दाणे टाकणे हा त्याचा रोजचा नेम होता. आजारी कबुतर दिसले तर तो ते खोलीवर घेऊन येई. १९३४ पासून वेस्टिंगहाउस कंपनी त्याचे खोलीभाडे आणि महिना १२५ डॉलर देत असे. ७ जानेवारी १९४३ रोजी हॉटेल न्यूयॉर्करच्या ३३२७ क्रमांकाच्या खोलीत तो एकटाच मरण पावला. वय ८६. त्यानंतर पाच-साडेपाच महिन्यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्कोनीच्या एका महत्त्वाच्या रेडिओ पेटंटातले दावे रद्द ठरवले, आणि आधीच्या कामांत टेस्लाचे नाव घेतले. १९६० मध्ये त्याचे नाव एककाला दिले गेले.

मृत्यूनंतर त्याचे कागद सरकारी खात्याने ताब्यात घेतले होते. पुढे ते पुतळे-पदकांसह नव्हे, पेट्या भरभरून बेलग्रेडला गेले, आणि तिथे त्याच्या नावाचे संग्रहालय उभे राहिले. १९५७ साली त्याची रक्षाही तिकडे नेण्यात आली. ती सोनेरी मुलाम्याच्या एका गोल कलशात ठेवली आहे. टेस्लाला गोलाचा आकार फार आवडत असे, म्हणून कलश तसा घडवला.